एका ताग्यातली माणसं

कोपरखैरणे,
१० डिसेंबर १९९५

अझीज जुनैदभाईस, बुशराचा अस्सलामु अलैकुम.

बादसलाम, अल्लाच्या मेहरबानीने आम्ही इथे सगळे ठीक आहोत आणि तूही तिकडे बहारीनला ठीक असशील असं धरून चालते. तुझ्या पोटाचं कसं आहे? तो खानावळवाला अजून प्रत्येक भाजीत खोबरेल तेल घालतो का? हमझाभाईचा गुडघा बरा आहे. तुझ्या मेहुण्याला, युसुफला, थंडीत दरवर्षी होते ती सर्दी झाली आहे. हमझाभाईकडे अफिफाभाबीही बरी आहे (ती कधी बरी नव्हती असं मला आठवत नाही). पोरं बरी आहेत. अम्मीही बरी आहे, तिचं पुढे लिहिते. मोठ्या भावाला पत्रात 'आपण' लिहावं असं आम्ही शाळेत शिकवतो, पण मी तुला 'आपण' लिहिलं तर घरात काहीतरी झालं असं समजून तू लगेच शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन करशील. म्हणून 'तू'च लिहिते. घरात काही झालेलं नाही. म्हणजे, झालं आहे, पण फोन करण्यासारखं नाही.

याच पाकिटात फोटो आहे. तू लहानपणापासून आधी खालचा खाऊ काढून मग डबा बघणारा, तेव्हा फोटो बघून झाला असणार. बघितला नसशील तर उशीखाली ठेव आणि आधी हे वाच. बघितला असशील, तर तुला जो प्रश्न पडला असेल त्याचंच उत्तर द्यायला मी बसले आहे. फक्त मला तिथे सरळ पोचता येत नाही. जरा सबुरीने घे.

तू मुकादमचाचांबरोबर कापडाचा तागा पाठवलास तो मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली. तुझ्या खोलीतल्या केरळच्या माणसाने त्याच्या पलंगासमोर घरच्यांचा फोटो लावलाय, त्यात सगळे एका रंगाच्या कपड्यांत बसलेत, तुझ्या पलंगासमोरची भिंत रिकामी आहे, तर आपणही सगळ्यांनी या एकाच कापडाचे कपडे शिवून फोटो काढावा आणि पाठवावा, असं तू लिहिलं होतंस. ही चिठ्ठी हमझाभाईने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि शेवटच्या ओळीला त्याचा आवाज घोगरा झाला. (त्याला सांगू नकोस. त्याने सर्दीवर ढकललं, जी युसुफला झालेली आहे.) तेव्हा फोटो व्हायलाच पाहिजे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत सुरू झालं ते कापड उलगडल्यावर.

चिठ्ठीत तू रंग 'सी-ग्रीन' लिहिला होतास. भाबी म्हणाली, हा फिरोजी. मी म्हटलं, मोरपिशी. युसुफने आमच्यापेक्षा लांबून बघून सांगितलं की हा तुर्भ्याच्या नाल्याचा रंग आहे, पाऊस गेल्यावरचा. अम्मीने कापड बोटांत चोळलं, त्यातली चंदेरी जर नखाने जरा खरवडली आणि म्हणाली, "शेवाळी हाय. पन चांगला हाय, जुनैदनी पाठवलाय." म्हणून रंग शेवाळी ठरला आणि चांगलाही ठरला.

आता माझी चूक इथून सुरू होते. तुला माहीत आहे, शाळेच्या गॅदरिंगला मुलींना एका रंगात बसवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. कोणाच्या रिबिनी, कोणाचे मोजे, पुढची रांग, मागची रांग, हे सगळं मीच बघते आणि त्याचं कौतुक होतं. कौतुकाने माणूस बिघडतो. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की या फोटोचं सगळं मी बघणार. नुसतं एक कापड असून भागत नाही, चपला पांढऱ्या हव्यात, बांगड्या चंदेरी हव्यात, पुरुषांच्या पॅंट एकाच करड्या रंगाच्या हव्यात. युसुफ म्हणाला, आपण कव्वाली पार्टी दिसू. मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही, आणि आज वाटतं, त्याचं ऐकून तिथेच थांबले असते तर फार बरं झालं असतं.

कापड घेऊन आम्ही नामदेव मास्तरांकडे गेलो. (तू गेल्यावर आमच्या सेक्टरच्या नाक्यावर त्यांनी शिलाईचं दुकान टाकलं. माणूस सातारकडचा, बोलायला चोख.) त्यांनी सगळ्यांची मापं घेतली. हमझाभाईचं घेताना टेप दोनदा पुढून मागे नेली आणि कानामागची पेन्सिल काढून आकडा खोडून दुसरा लिहिला. कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून तो बसून काम करतो, त्याचं हे फळ. मग भाबीने फुग्याच्या बाह्या सांगितल्या. तिच्या दोन्ही पोरांना शर्ट, माझ्या मुलीला झालरीचा फ्रॉक. आणि मी, जिने सगळ्यांना साधेपणाचं भाषण दिलं होतं, माझ्या कमीजला घेर सांगितला. थोडाथोडका नव्हे, गोल फिरले तर टेबलावरचे पेले पडतील इतका.

आठवड्याने मास्तरांनी मला बोलावलं. कापड संपलं होतं आणि अम्मीचा कुर्ता राहिला होता. मी म्हटलं, मास्तर, तागा तर एवढा मोठा होता. ते म्हणाले, "ताई, कापड हाय तेवढंच हाय. मानसं वाढल्याली हायत." त्यांचा रोख हमझाभाईच्या पोटावर होता, पण खरं सांगते, तेव्हा माझ्या घेराची घडी समोर फळीवरच होती आणि ती एखाद्या लहान गादीएवढी दिसत होती. अर्धा घेर उसवला असता तर अम्मीचा कुर्ता झाला असता. ही गोष्ट मला तिथे, त्या दुकानात, कळली होती. मी ती बोलले नाही. उरलेल्या पट्टीतून एक ओढणी निघत होती, तेवढी काढायला सांगितली आणि घरी आले.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. मनात होतं की ती जरा रुसावी, म्हणजे मला घेर उसवावा लागेल आणि मी सुटेन. पण अम्मी कसली रुसते! अब्बा गेल्यापासून तिने पांढऱ्याशिवाय काही अंगाला लावलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, "मना ओढनी पुरं. मी काय नवरी हाय का?" सगळे हसले, मीही हसले, आणि प्रश्न मिटला. किती पटकन मिटला, तेच आता डोक्यातून जात नाही.

रविवारी आम्ही निघालो. गावातल्या तळ्याजवळ धनेशचा स्टुडिओ आहे. (धनेश म्हणजे आपल्या शेतवाल्या पाटलांचा धाकटा. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर घराच्या ओटीवर भिंत घालून त्याने फोटोचं दुकान काढलं, हात चांगला आहे.) रस्त्याने आम्ही सगळे शेवाळी चाललो होतो आणि वर चंदेरी चमकत होतो. तळ्याच्या काठी मासळी विकणाऱ्या बायकांनी टोपल्यांवरून हात काढून बघितलं. एकीने विचारलं, "कुनाचं लगीन हाय?" भाबीने मोठ्या अभिमानाने सांगितलं, कोणाचं नाही, फोटो काढायचाय. त्यावर ती बाई म्हणाली, "मंग लगीन झाल्यावर काढाचा ना!" युसुफ एवढा हसला की त्याची सर्दी पुन्हा सुरू झाली आणि पुढचा सगळा वेळ तो नाकाला रुमाल लावून होता. रुमाल लाल होता. मी तो काढून घेतला.

स्टुडिओत गेल्यावर दिसलं की मागे रंगवलेला पडदा आहे, त्यावर धबधबा आणि हिरवी झाडं. आम्ही त्याच्यापुढे उभे राहिलो तर नुसती डोकी झाडांना लागल्यासारखी दिसायला लागली. धनेशनेच मान हलवली आणि साधा निळा पडदा सोडला. मग सोफा. सोफा विटकरी रंगाचा, पाठीला फाटलेला. माझ्या सगळ्या मेहनतीच्या बरोबर मधोमध ते विटकरी ढेकूळ! मी इकडे तिकडे बघितलं. अम्मी दाराशी उभी होती, पांढऱ्या कुर्त्यावर ती शेवाळी ओढणी घेऊन, हातात सगळ्यांच्या पिशव्या. मी म्हटलं, "अम्मी, ओढणी जरा दे."

तिने दिली. डोक्यावरून काढली, घडी केली (घडी कशाला केली असेल, मी लगेच उलगडणारच होते) आणि माझ्या हातात ठेवली. मी ती सोफ्याच्या पाठीवर पसरली, टोकं आत खोचली, आणि खरंच फार सुंदर दिसलं. भाबीसुद्धा म्हणाली, आता जमलं. अम्मी म्हणाली, "बसा तुमी. मी पिशव्या बघते." मी म्हटलं, "थांब हं जरा, लगेच बोलावते तुला."

जुनैदभाई, हे मी तिला सांगितलं होतं. माझ्या तोंडाने सांगितलं होतं.

मग हमझाभाईचं बटण सुटलं. भाबीची एक बाही फुगली आणि एक फुगेना, तिच्यात रुमाल कोंबला. (तोच लाल. कशातून तरी दिसतोय का बघ.) पोरांपैकी एक रडलं, दुसऱ्याने चपला उलट्या घातल्या. मी प्रत्येकाची कॉलर, प्रत्येकाची बांगडी, प्रत्येकाचा गुडघा सरळ केला. धनेश म्हणाला, "लवकर करा, लाइट गेली तर माझी जबाबदारी नाय." मग कॅमेऱ्याला डोळा लावून त्याने विचारलं, "सगळे आले?" आणि हमझाभाई छाती पुढे काढून म्हणाला, "आले!" मीही मान डोलावली. मी शेवटचं सगळं बघून घेतलं होतं. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सगळं एकसारखं होतं, मध्ये सोफ्यावर ओढणी होती. मला कुठेही काही कमी दिसलं नाही.

बाहेर आलो तर अम्मी ओटीच्या पायरीवर बसली होती, पिशव्या मांडीवर. "झाला?" म्हणाली. आम्ही म्हटलं, झाला. एकालाही काही सुचलं नाही. ओढणी परत दिली, तिने ती घेतली आणि पिशवीत ठेवली. घरी येईपर्यंत आम्ही बाहीबद्दलच बोलत होतो.

फोटो आठवड्याने आले. संध्याकाळी सगळे हमझाभाईकडे जमलो. एकाच वेळी सगळ्यांची डोकी त्या फोटोवर. हमझाभाईने आपलं पोट बघितलं, भाबीने आपल्या बाह्या बघितल्या, मी माझा घेर कसा पसरलाय ते बघितलं (फार छान पसरलाय, काय करू). प्रत्येकजण खूश. तेवढ्यात युसुफने फोटो हातात घेतला, थोडा लांब धरला आणि म्हणाला, "अम्मी कुठे आहेत?"

आम्हाला आधी वाटलं, तो घरातल्या अम्मीबद्दल विचारतोय. भाबी म्हणाली, चहा टाकतेय. मग तिचंच तोंड उघडं राहिलं. पोटच्या आम्हा दोघांना जे दिसलं नाही, ते जावयाला दिसलं. हमझाभाई खाली बसला. आपल्या हाताची बोटं बघत एवढंच म्हणाला, "मीच 'आले' म्हटलं." मला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

आतून अम्मीने विचारलं, "कसा आलाय?" आम्ही फोटो पाकिटात सारायला लागलो, पण ती ओढणीच्या पदराला हात पुसत बाहेर आलीच. फोटो घेतला. खिडकीकडे गेली, उजेडात धरला. ती म्हणाली, "चांगला आलाय. हमझा जाडा झालाय." आणि फोटो माझ्या हातात देऊन पुन्हा आत गेली. चहा नेहमीसारखाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, पुन्हा जायचं, पुन्हा काढायचा, अम्मीला मधोमध बसवून. पण तोवर भाबीने आमचेही नेऊन सगळे कपडे एकत्र भिजवले होते आणि तुझ्या त्या सी-ग्रीनने पाण्यात आपला खरा रंग दाखवला. हमझाभाईचा शर्ट आता अर्धा राखाडी आहे, माझ्या घेराला नकाशासारखे डाग पडलेत, आणि भाबीच्या दोन पांढऱ्या चादरी कायमच्या शेवाळी झाल्यात. मी म्हटलं, खड्ड्यात गेला रंग, ज्याला जे असेल ते घालून चला. मी हे म्हणेन असं युसुफला वाटलं नव्हतं. पण अम्मीच तयार होईना. "आता नको. झालाय ना चांगला," एवढंच. मी दोनदा गेले, हमझाभाई एकदा गेला. तो तर तिच्या खोलीच्या दाराबाहेरूनच परत आला.

म्हणून हा फोटो पाठवतेय. भिंतीवर लाव किंवा नको लावू. आम्ही त्यात छान दिसतो, सगळे एकसारखे, आणि तो बघवत नाही. मला रोज वाटतं, एक हाक मारायची होती, दोन अक्षरांची. तू चिडशील तर माझ्यावर चीड, हमझाभाईवर नको, तो आधीच जेवण कमी करतोय. (ते एक बरं झालं म्हण.)

तब्येतीला जप. उन्हात डोकं उघडं ठेवू नकोस. मुकादमचाचा पुढच्या महिन्यात परत निघतील, त्यांच्याबरोबर अम्मीचं आंब्याचं लोणचं पाठवते.

तुझी बहीण,
बुशरा

ता. क. आता खरं काम. अम्मीला तू वेगळं पत्र लिही आणि तिचा एकटीचा फोटो माग. आमच्यासाठी ती बसणार नाही, तुझ्यासाठी बसेल. मी सुचवलं असं लिहू नकोस, 'माझ्या मनात आलं' असं लिही. आणि कृपा करून कापड पाठवू नकोस.

ता. क. दुसरा. वरचं सगळं हमझाभाईकडे बसून लिहून झालं आणि अम्मी दुपारची झोपून उठली. तुला ठाऊक आहे, तुझ्या प्रत्येक पत्रात ती आपली एक ओळ घालायला लावते, आणि त्याआधी पत्र वाचून घेते. मी वाचताना ओढणीचं गाळलं. ती म्हणाली, "मधलं काय खाल्लंस?" मग वाचावं लागलं. वाचता वाचता मी रडले. ती मात्र माझ्याकडे नामदेव मास्तर हमझाभाईच्या पोटाकडे बघतात तशी बघत राहिली. मग म्हणाली, "खुळी हायस. तुमी काय मना इसरता! मीच भाहेर गेले." मी विचारलं, का? तर म्हणे, त्या जरीने मान खाजत होती, ओढणी घेतलीस तेव्हा बरं वाटलं. मी म्हटलं, एवढंच? त्यावर म्हणाली, "मी मदी बसले असते तर फोटो पुरा झाला असता. माजी पोरं तीन. दोगांवर पुरा कसा व्हाचा? जुनैद आला की बसेन."

यातलं कुठलं खरं, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही लिही, तो समजेल. मी तीन आठवडे झोपले नाही, हमझाभाई पोळ्या मोजून खातोय, आणि ही बाई त्या दिवशी पायरीवर मजेत तळ्याचा वारा घेत बसली होती! तरी माझं मन काही हलकं झालेलं नाही. बोलावते म्हटलं होतं आणि बोलावलं नाही, ते तसंच आहे. तर जुनैदभाई, पहिला ता. क. रद्द समज. तिच्या एकटीच्या फोटोचं लिहूच नकोस, ती नाहीच म्हणेल. कामावर रजेचं विचार. तिने तुला लिहायला सांगितलेली ओळ अशी: "रजा मिळाली तर ये. नाय मिळाली तर मिळल तवा ये. पन ये." 

आणि आणखी एक, हेही तिचंच. मागच्या ईदला तू खोलीतल्या मित्रांबरोबर काढून पाठवलेला फोटो तिने आता उशाखालून काढून मला दाखवला. त्यात तुझी कॉलर एका बाजूने आत दुमडलेली आहे. मला ती आजवर दिसली नव्हती. तिने विचारलंय, हा फोटो काढणारा कोण होता, आणि समोर उभा राहून त्याला एवढंसुद्धा सांगता आलं नाही का?